म्हातारीचा खडप, मुक्काम कोल्हापूर

पाहुणे आमच्या टाकीपुढे उभे राहिले की बेताने विचारायचे, "पाणी बदलायचं राहिलंय का?"

त्यांचा दोष नाही. घरातलं मत्स्यालय म्हटलं की लोकांना निळंशार पाणी आणि लाल-केशरी मासे हवे असतात. आमची टाकी हिरवट आणि गढूळ. तळाला काळा कातळ, त्यावर शिंपल्यांचे थर, मातकट रंगाची प्रवाळं आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे डझनभर मासे. समुद्रात तशी एकच जागा आहे, मालवणच्या बंदराबाहेरचा म्हातारीचा खडप. खडकाला मालवणी माणूस खडप म्हणतो. तो खडप कोल्हापुरात, माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, भरती-ओहोटी पाळत होता.

मी नीलांबरी खवणेकर, दातांची डॉक्टर. समुद्राची मला भीती वाटते. लग्न झाल्यावर मालवणला गेले तेव्हा मी घोट्यापर्यंत पाण्यात शिरले आणि तेवढ्यावर परत आले. दिगंबर, माझा नवरा, पट्टीचा पाणबुड्या. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत कामाला होता. आठवडाभर तो मालवणात आणि मी कोल्हापुरात, असा आमचा संसार. एका वाढदिवसाला माणसं आली, भिंतीएवढी काच उभी करून गेली. दिगू म्हणाला, "तू काही समुद्राकडे येत नाहीस. मग समुद्रालाच पाठवला."

जुळी टाकी म्हणतात तिला. म्हातारीच्या खडपावर, तळाशी, एक पोलादी खांब रोवलेला होता. त्याच्यावर पाण्याचं तापमान, खारटपणा, उजेड आणि प्रवाह मोजणारी उपकरणं होती आणि एक पाण्यातला मायक्रोफोन होता. तिथे जे घडेल ते लगेच टाकीकडे यायचं आणि टाकीचे पंप, दिवे, हीटर, स्पीकर ते जसंच्या तसं उभं करायचे. मालवणच्या आकाशात ढग आला की माझा हॉल काळवंडायचा. तिथे समुद्र खवळला की इथे मासे कातळाच्या फटीत शिरायचे.

आवाजाचं महत्त्व मला आधी पटलं नव्हतं. पण जिवंत खडप भलताच बडबड्या असतो. कोळंबीच्या जातीचे इवलेसे जीव नांग्या आपटून अखंड तडतड करत असतात, फोडणीत मोहरी तडतडते तशी. प्रवाळांची तरंगती पिल्लं ती तडतड ऐकूनच बसायची जागा शोधतात. मुक्या पाण्यात ती रुजायला नाखूश असतात. म्हणून साध्या टाकीत जे महिनोन्महिने धरत नाही ते जुळ्या टाकीत आपसूक वाढायचं. पुण्यात, नाशकात, साताऱ्यात लोकांनी हौसेने अशा टाक्या घेतल्या. संस्थेलाही त्या हव्याच होत्या, कारण प्रवाळ जितक्या घरांत वाढेल तितकं बरं.

दिगू आठवड्यातून एकदा त्या खांबावरचे शिंपले खरवडायला खाली उतरायचा. वर होडीत त्याचा धाकटा भाऊ लवू. खांबाशी पोचला की दिगू पाठीवरच्या सिलिंडरवर पोलादी कडी वाजवायचा. दोन ठोके, जरा थांबून एक. निघताना पुन्हा तेच. ही त्यांच्या कामाची रीत होती. संस्थेच्या यंत्राला त्यावरून कळायचं की माणूस आला आहे, आता त्याची होडी परत जाईपर्यंतचे त्यांचे आवाज गाळायचे. दिगू मात्र म्हणायचा, "दुसऱ्याच्या घरात शिरताना कडी वाजवायची असते."

बाकीच्यांच्या टाक्यांना हा गाळलेला, माणसाविना समुद्र मिळायचा. माझी टाकी दिगूने स्वतः जोडली होती आणि ती न गाळलेली होती. त्यामुळे दर आठवड्याला आधी होडीचं इंजिन, मग नांगर पडल्याचा आवाज, मग ते ठोके आणि त्यानंतर बराच वेळ खरवडणं माझ्या हॉलमध्ये ऐकू यायचं. तिथे खरवडलेले शिंपले खायला मासे जमायचे. इथे मी चिमूटभर खाणं टाकायची आणि मासे टाकीच्या डाव्या कोपऱ्याला जमायचे. संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

"आज येऊन गेलो. होतीस का?"

"दाढ काढत होते. पण ऐकलं."

एवढंच. आमच्या लग्नातला सगळ्यात गोड भाग तोच होता, हे तेव्हा कळलं नाही म्हणणार नाही. कळत होतं.

मग मार्चमधल्या एका सकाळी दिगू खाली उतरला तो वर आला नाही. दुसऱ्या दिवशी आचऱ्याच्या किनाऱ्यावर सापडला. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. ताबडतोब बाहेर काढला असता तर कदाचित, असंही म्हणाले. गावात कुजबुज झाली की लवू होडी घेऊन स्वतःची जाळी ओढायला गेला होता, भाऊ वर आला तेव्हा होडी जागेवर नव्हती. लवू सगळ्यांना सांगत राहिला की मी हललो नाही. मला ते खरं वाटलं नाही. मी भांडले नाही, तेराव्यानंतर त्याचे फोन घेणं सोडून दिलं.

होडी हलली की नाही हे सांगणारी एक गोष्ट जगात होती. इंजिनचा आवाज मायक्रोफोनने टिपलेला असणार. संस्थेकडच्या नोंदीत तो नव्हता, कारण दिगूने खाली पोचल्यावर शिस्तीत कडी वाजवली होती आणि पुढचं सगळं यंत्राने गाळून टाकलं होतं. न गाळलेली प्रत फक्त माझ्या टाकीच्या स्मृतीत होती. मी ती कुणाला सांगितली नाही आणि स्वतःही लावली नाही. लवू खोटा ठरला असता तर दिगूच्या घरातलं शेवटचं माणूस गेलं असतं. खरा ठरला असता तर मग मी रागवायचं कुणावर?

आणि तो दिवस लावला की संपणार होता.

मी दुसरंच काहीतरी केलं. टाकीला मागचं साठवलेलं पाणीही दाखवता येतं. मी तिला आजच्या समुद्रापासून तोडलं आणि दिगूचं शेवटचं वर्ष पहिल्यापासून लावलं. त्या सकाळच्या आदल्या संध्याकाळी ते थांबवायचं आणि मागच्या मार्चवर न्यायचं. मार्चाला मार्च जोडला की पाण्याला शिवण कळत नाही. प्रवाळं खूश, मासे खूश. दिगू दर आठवड्याला येत होता, कडी वाजवत होता, खरवडत होता. मोबाईलवर नुसते ठोके ऐकून बघितले होते मी. त्यात कुणी नव्हतं. माशांनी कोपऱ्याला धाव घेतली की मगच तिथे कुणीतरी असायचं.

अशी तीन वर्षं गेली, चौथं लागलं. आणि माझ्या लक्षात यायला लागलं की मासे आधीच येऊन थांबताहेत.

ठोक्यांच्या आधी येणं समजू शकते, इंजिन ऐकलं असेल. पण ते इंजिनच्याही आधी यायला लागले. पाण्यात काही नाही, तडतड नेहमीची, आणि हे डझनभर मासे डाव्या कोपऱ्याला, तोंडं एकाच दिशेला करून स्थिर. मी हातातला चहा घेऊन बघत राहायची. थोड्या वेळाने लांबून इंजिन यायचं. ज्या दिवशी दिगू येणार नसायचा त्या दिवशी कोपऱ्यात चिटपाखरूही नसायचं. तेच वर्ष, तेच प्रवाह, तेच ढग इतक्या वेळा जगल्यावर त्यांना अख्खं वर्ष पाठ झालं असणार, असं मी स्वतःला समजावलं. शाळेतल्या मुलाला धडा होतो तसं. पण माझ्या अंगावर काटा यायचा तो यायचाच. तो येणार हे माझ्या घरात माझ्याआधी माशांना कळत होतं.

त्याच उन्हाळ्यात अरबी समुद्र तापला. प्रवाळाचा रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा असतो, आणि प्रवाळाचं जेवणही तेच शेवाळ बनवतं. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. आमच्या धंद्यात पांढरं होणं कौतुकाचं, इथे ती प्रेतकळा. म्हातारीचा खडप पांढरा झाला आणि त्याच आठवड्यात त्याच्या सगळ्या जुळ्या टाक्याही. टाक्या समुद्रापासून तोडा, साठवलेलं जुनं थंड पाणी लावा, असं संस्थेने कळवलं होतं. पण या हौशी मंडळींचा एक ताठा असतो, खरं ते खरं. समुद्राला जे होईल ते आमच्या टाकीला होईल, मध्ये हात घालणार नाही. त्यांनी हात घातला नाही आणि समुद्र पुण्या-नाशकातल्या दिवाणखान्यांतही मेला.

माझी टाकी तेवढी जगली. तिला तो उन्हाळा माहीतच नव्हता.

आणि म्हणून पुढच्या मार्चच्या तोंडावर लवू माझ्या दारात उभा राहिला. केस पिकले होते, हातात कोकमांची पिशवी होती. दिगूनंतर संस्थेने त्यालाच कामावर घेतलं होतं, हे मला उडत उडत कळलं होतं.

"वयनी, आत येव काय?"

"या भावजी."

तो सरळ टाकीपुढे गेला आणि काचेला हात लावून उभा राहिला. 

"ह्यां जिवंत असा," तो म्हणाला. "आमच्या खडपार एकय जगाक नाय, वयनी. संस्थेत तुज्या टाकीचे आकडे बगून कोणाक खरा वाटना. म्हणान माका धाडल्यानी." मग तो वाकून टाकीखालच्या पडद्यावरची तारीख वाचायला लागला. वाचली, आणि माझ्याकडे वळला. "ह्या तर दादाचा वरस."

मी चहा ठेवायला गेले. बाहेर आले तेव्हा तो खाली फरशीवर बसला होता.

त्याला काय हवं होतं ते त्याने चहाबरोबर सांगितलं. माझी प्रवाळं खडपावर परत न्यायची होती. त्यांच्या जातीची दुसरी कुठे उरली नव्हती. पण इतकी वर्षं जुन्या पाण्यात लाडावलेल्या प्रवाळांना एकदम आजच्या समुद्रात टाकलं तर ती मरतील. टाकीतलं पाणी दिवसामागून दिवस पुढे चालवायचं, मागे न्यायचं नाही, आणि मार्चाला मार्च जोडत, मधली वर्षं ओलांडून, हळूहळू आजच्या पाण्यापर्यंत आणायचं. मासेही मग त्यांच्याबरोबर जाणार.

"म्हणजे दिगू येणार नाही पुन्हा," मी म्हणाले. हे मी मोठ्याने म्हटलं याचं मलाच नवल वाटलं.

 त्याच वेळी मासे एकेक करून डाव्या कोपऱ्याला जमायला लागले. आम्ही दोघंही बघत राहिलो. पाण्यात काही नव्हतं.

"ह्ये कित्या थंय गेले?"

"थांबा जरा."

इंजिन आलं. नांगर पडला. दोन ठोके, आणि एक.  लवूने कप खाली ठेवला आणि पूर्ण खरवडणं संपेपर्यंत टाकीकडे पाठ करून बसला. तो त्या वर्षातला शेवटून दुसरा फेरा होता. शेवटचा मी कधी लावलेला नव्हता.

दिगू कडी वाजवून गेला तेव्हा मी म्हणाले, "मधला तो एक दिवस गाळता येईल. एका दिवसाने प्रवाळाला काही होत नाही."

"गाळू नको," लवू म्हणाला. "लोक म्हणतत, मी जाळी ओढूक गेल्लंय. तुकाय तसांच वाटला. मी थंयसून हलाक नाय, वयनी. तो दिस लाव, आणि माज्यासमोर लाव."

मला नको होतं. त्याला हाकलून द्यावं, आणि टाकी पुन्हा मागच्या मार्चवर न्यावी असं फार वाटत होतं. मरेपर्यंत ते वर्ष फिरवत राहिले असते तर कुणी विचारलं नसतं. पण त्या कातळावर दिगूने हाताने लावलेलं एक प्रवाळ होतं, नखाएवढं आणलेलं, आता ताटाएवढं झालेलं. ते माझ्या हॉलमध्ये म्हातारं व्हावं म्हणून त्याने ते लावलं नव्हतं. मी हो म्हटलं.

ती सकाळ उजाडली तेव्हा लवू पुन्हा आला. मी दवाखाना बंद ठेवला होता. टाकीवर मालवणचं तेव्हाचं कोवळं ऊन होतं. आम्ही दोन खुर्च्या घेऊन बसलो. मी कोपऱ्याकडे बघत होते.

कोपरा रिकामा होता. मासे आपापल्या उद्योगात होते, एक शेवाळ टोचत होता, दोघांची नेहमीची मारामारी चालली होती. इंजिन आलं तेव्हा त्यांनी नुसते कान टवकारल्यासारखं केलं. नांगर पडला, इंजिन बंद झालं. आणि मग दोन ठोके, एक. तेव्हा कुठे ते दचकून कोपऱ्याकडे धावले. हा दिवस त्यांनी कधी जगलेला नव्हता. किती वर्षांनी दिगू न कळवता आला होता. मला रडू फुटलं. चिमूट टाकायची राहिली ती राहिलीच.

खरवडणं चाललं होतं, संथ, मध्ये मध्ये थांबत. मी इंजिनची वाट बघत होते. इंजिन आलं नाही. तडतड आणि खरवडणं, दुसरं काही नाही. मग खरवडणं थांबलं आणि त्याने निघताना वाजवायची तशी कडी वाजवली. दोन, जरा थांबून एक. नेहमीसारखीच. घाई नाही, भीती नाही. तो निघाला होता घरी.

नुसती तडतड उरली. मासे पांगले. होडी जागेवरून हललेली नव्हती.

बराच वेळ गेला आणि अचानक ठोके आले. दोन-एक, दोन-एक, दोन-एक, जोरात, न थांबता. मासे वेड्यासारखे कोपऱ्यात आले. मी खुर्चीतून उठले. "तो आहे! भावजी, तो आहे अजून!"

"तो मी," लवू म्हणाला. "नांगराच्या साकळेर लोखंड मारी होतंय. माका वाटला, आयकल्यान तर येतलो."

ठोके चालूच राहिले. मासे तिथेच घिरट्या घालत होते. मग इंजिन सुरू झालं. ते जवळ आलं, लांब गेलं, पुन्हा जवळ आलं. ती होडी खडपाभोवती फिरत होती. थांबून पुन्हा ठोके, पुन्हा इंजिन. मासे घाबरून फटीत शिरले. ऊन डोक्यावर आलं, कललं, टाकी पिवळी झाली, आणि होडी फिरतच होती. लवू खुर्चीतून खाली उतरून गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. तेराव्याला लोक काय काय बोलले होते आणि हा माणूस तेव्हा भात वाढत होता. मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. अंधार पडेपर्यंत इंजिन बंद झालं नाही.

"जेवूनच जा," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली.

पुढचे दिवस मी कुणाला सांगितले नाहीत. टाकी आता अशा पाण्यात होती जिथे दिगू नव्हता, पण माशांना ते कोण सांगणार? हे दिवस त्यांना पाठ नव्हते, म्हणून कुठलीही होडी लांबून गेली की ते कोपऱ्यात धावायचे. मासेमारीची होडी, पर्यटकांची होडी, कसलीही. जमायचे, तोंड करून थांबायचे. होडी निघून जायची. ते थोडा वेळ तसेच राहायचे आणि मग एकेक करून परतायचे. खांबावर शिंपले वाढत गेले तसा आवाजही बोदा झाला. मग संस्थेने स्वतःच साफ होणारा नवा खांब बसवला आणि तिथे कुणाला उतरायचंच कारण उरलं नाही. पाऊस आला, गेला. कोपऱ्यात येणारे मासे कमी होत गेले. शेवटी एकच यायचा, शेपटीला खाच असलेला. एक दिवस होडी अगदी डोक्यावरून गेली आणि तोही वळला नाही.

मी त्या दिवशी लवूला फोन केला. संस्थेच्या मते प्रवाळं तयार व्हायला अजून एक उन्हाळा काढायला हवा होता. तो काढला, टाकी आजच्या समुद्राला जोडली. आणि मग म्हटलं, या घेऊन जायला.

तो मोठे पारदर्शक खोके घेऊन आला. प्रवाळं एकेका कप्प्यात बसवली, दिगूचं सगळ्यात शेवटी. मासे एका खोक्यात सोडले. ते त्यात विस्कळीत फिरत होते, घाबरलेले, कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. मला वाटलं, बरंच झालं. विसरले ते. विसरायलाच हवं, नवीन जागी जायचंय.

गाडीत सगळं भरून झालं. माशांचा खोका शेवटचा होता. लवूने तो ओट्यावर टेकवला, घाम पुसला.

"येतंय हां, वयनी."

"या. पोचल्यावर फोन करा."

आणि निघताना, भावाचं होडीतून ऐकून ऐकून हाताला सवय लागली होती म्हणून, त्याने किल्ल्यांच्या जुडग्यातली पोलादी कडी खोक्याच्या कडेवर वाजवली. दोन, जरा थांबून एक.

आतले सगळे मासे गर्रकन वळले. एकही मागे राहिला नाही. ते त्या कडेशी येऊन तोंडं करून थांबले, अगदी जवळ, एकमेकांना खेटून, आणि हललेच नाहीत. आम्ही दोघंही हललो नाही. ते विसरले नव्हते. वाट बघायचं तेवढं त्यांनी सोडलं होतं.

लवूने खोका उचलला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी ओट्यावर उभी होते. वर आले, तर टाकी हिरवट, रिकामी, आजच्या समुद्राला जोडलेली. तडतड फार क्षीण ऐकू येत होती. मी डाव्या कोपऱ्याशी खुर्ची ओढली आणि बसले.